इंगविलच्या हातची मॅकरोनी

इंगविलने कांद्याचे एवढाले तुकडे केले तेव्हाच गुनवोरच्या कपाळाला आठी पडली. कांदा असा चिरतात? हा काय गुरांना घालायचा आहे? पण ती टेबलाशी खुर्ची ओढून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. साठीची बाई, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

हात दाबून बसायचं कारण होतं. बालकल्याण कार्यालयातल्या बाईने सकाळी फोन करून बजावलं होतं, "गुनवोर, आज स्वयंपाकाला तू हात लावायचा नाही. कढई नाही, डाव नाही, ताटसुद्धा नाही. करणार इंगविल, वाढणार इंगविल. टूवाने तिच्या हातचं जेवायला हवं. ते जमलं तर शनिवारी तिने इंगविलकडे जायचं नक्की."

"आणि नाही जमलं तर?" गुनवोरने विचारलं होतं.

"तर एखादा आठवडा पुढे ढकलू. नाहीतर दोन. घाई करून पोरीचे हाल नकोत."

फोन ठेवल्यापासून गुनवोरच्या डोक्यात हे एवढंच वाक्य घोळत होतं. एखादा आठवडा, नाहीतर दोन.

गुनवोर आणि तिचा नवरा ओड्डवार यांचं घर म्हणजे अडीअडचणीचं घर. ज्या मुलांना आईबापांकडून एकाएकी उचलावं लागतं, त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत ठेवून घ्यायचं, न्हाऊमाखू घालायचं, जेवू घालायचं, आणि घर मिळालं की हसतमुखाने निरोप द्यायचा. वर्षानुवर्षं ती हे करत आली होती. मुलं यायची, चार-सहा आठवडे राहायची, जायची. गुनवोर दोन दिवस रडायची, तिसऱ्या दिवशी चादरी धुवायला टाकायची. टूवाचं मात्र तसं झालं नाही. तिचं प्रकरण कोर्टात अडकलं, तारखांवर तारखा पडल्या, आणि सफरचंदांच्या दिवसांत आलेली तीन वर्षांची पोर पुन्हा सफरचंदं येऊन गेली तरी इथेच होती. आता ती चार वर्षांची झाली होती आणि गुनवोरच्या अंगाखांद्यावर घर करून बसली होती.

एकदा, नुकताच बर्फ पडला होता तेव्हा, टूवा तिला "मम्मा" म्हणाली होती. गुनवोरने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "मम्मा नाही गं राणी, मी गुनवोर." नियमच तसा होता. गुनवोर म्हणता येईना म्हणून पोरीने वोवो म्हणायला सुरुवात केली. तो नियम आपण इतक्या शहाण्यासारखा का पाळला, याचा गुनवोरला आता दर रात्री पश्चात्ताप होत होता.

आणि तिने विचारून पाहिलं नव्हतं असंही नाही. लाज सोडून विचारलं होतं, की टूवाला आम्हीच ठेवून घेतो. कार्यालयातल्या बाईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि गोड आवाजात सांगितलं की अशा घरांनी मूल ठेवून घ्यायचं नसतं, शिवाय तुमचं वय. ते "शिवाय" गुनवोरच्या अजून घशात होतं.

"पुढे काय करू?" इंगविलने विचारलं. ती चौतिशीची, उंच, दवाखान्यात दात साफ करण्याच्या कामाला होती. टूवाला आता कायमचं घर देणार होते ते ती आणि तिचा नवरा एस्पेन; तो आज कामावर होता. गेला आठवडाभर ती रोज येत होती. पहिल्या दिवशी नुसती बसली, मग टूवाला कपडे घालून दिले, मग अंघोळ घातली, मग झोपताना गोष्ट सांगितली. एकेक काम तिने उचलायचं आणि एकेक काम गुनवोरने सोडायचं, असा सगळा बेत. आता उरलं होतं फक्त जेवण.

"आता गाजर आणि सलगम किसून घे," गुनवोर म्हणाली. "बारीक किस. तिला गाजराचा तुकडा दिसला की संपलं."

"खिमा आधी नाही परतायचा?"

"आधी भाज्या. लोण्यात टाक, मऊ होऊन गायब झाल्या पाहिजेत. मग खिमा."

इंगविल मान डोलवत किसायला लागली. तिचं बोट किसणीला घासलं, ती "आई गं" म्हणाली, बोट तोंडात घालून पुन्हा किसायला लागली. गुनवोरने मनात म्हटलं, घास, चांगलं घास. मग तिला स्वतःचीच शरम वाटली, पण फार नाही.

मागचं दार उघडून ओड्डवार आत आला. हात काळे, नाक लाल. निवृत्त होण्याआधी तो बस चालवायचा, आणि अजूनही दारातून आत येताना प्रवासी मोजल्यासारखा सगळ्यांवरून नजर फिरवायचा.

"इंगविल, तुझ्या गाडीला अजून उन्हाळी टायर आहेत," तो म्हणाला. "डिकीत हिवाळी आहेत ना? बदलून टाकतो. शनिवारी रस्त्यावर बर्फाची काच झालेली असणार."

"अरे नको, एस्पेन करेल—"

"एस्पेन करेपर्यंत मे महिना उजाडेल."

गुनवोर उठून त्याच्यामागे बाहेरच्या पडवीत गेली आणि दार लोटून घेतलं. "एवढा कसला पुळका आलाय? टायर बदलून देतोय! टाकीही भरून दे. पोरगी जरा लवकर पोचेल त्यांच्याकडे."

ओड्डवारने पाना खाली ठेवला. "पोरगी सुखरूप पोचावी म्हणून बदलतोय."

"तुला काही वाटतच नाही."

"वाटतं ना. म्हणून तर टायर बदलतोय. तू स्वयंपाकघरात बसून दातओठ खातेस, मी इथे नट पिळतो." त्याने पाना उचलला आणि अंधारात निघून गेला. चार वाजून गेले होते, पण नोव्हेंबरमधल्या चारला इथे दुपार म्हणायची सोय नव्हती.

गुनवोर परत आली तेव्हा खिमा कढईत पडला होता. इंगविलने तो मोडून मोडून परतला, हे मात्र बरं केलं. कांद्याचे ते जाड तुकडे घातले, टोमॅटोचा डबा उघडून ओतला, मीठ, मिरपूड. कच्ची मॅकरोनी थेट त्याच कढईत टाकली, वरून पाणी आणि दूध, आणि झाकण. अर्ध्या तासाचा स्वयंपाक. या देशातलं प्रत्येक घर कामावरून दमून आल्यावर हेच रांधतं, त्यात काय मोठं?

मोठं एकच होतं, आणि ते फ्रिजच्या दारात होतं. बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज. शेवटी दोन चमचे किसून घालायचं आणि ढवळायचं. त्याने टोमॅटोचा आंबटपणा मोडतो, सगळ्याला एक खरपूस गोडी येते. सुरुवातीला टूवा काहीच खात नव्हती. वाढलेलं ताट बघत बसायची, आणि पाठ वळली की पावाचे तुकडे उशीखाली नेऊन लपवायची. कच्ची मॅकरोनीसुद्धा मोज्यात भरून ठेवायची. कारण तिच्या आधीच्या घरात उद्या जेवण मिळेल की नाही याचा भरवसा नसायचा. गुनवोरने किती प्रकार करून पाहिले! शेवटी एका संध्याकाळी वैतागून कढईत चीजचा उरलेला तुकडा किसला, आणि टूवाने पहिल्यांदा ताट पुसून खाल्लं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा हीच मॅकरोनी व्हायची. हळूहळू उशीखालचे तुकडे बंद झाले. मोजेही रिकामे राहू लागले.

इंगविलने झाकण उघडून चमच्याने चाखलं. "काहीतरी राहिलंय का गं? परवा तू केली होतीस तेव्हा वेगळी लागत होती."

गुनवोर फ्रिजकडे बघणार होती. तिने मुद्दाम खिडकीकडे बघितलं.

"नाही. एवढंच."

"नक्की?"

"नक्की. हाताला चव यायला वेळ लागतो."

काय पण वाक्य! सासूने सुनेला मारावा तसा टोमणा. इंगविल कानापर्यंत लाल झाली आणि आणखी थोडं मीठ घालून ढवळत राहिली. एखादा आठवडा. नाहीतर दोन. दोन आठवड्यांत ख्रिसमसचे दिवे लागतात. मग म्हणता येईल, आता सणाला कुठे हलवता पोरीला? मग जानेवारी. गुनवोर असे मनातल्या मनात महिने रचत सुटली.

टूवा बैठकीच्या खोलीत जमिनीवर डब्यांची झाकणं लावत बसली होती. इंगविलने तिला हाक मारली, हात धुऊन दिले, उंच खुर्चीत बसवलं. निळ्या ताटात वाढलं, फुंकर घातली आणि पुढ्यात ठेवलं. अगदी शिकवल्याप्रमाणे.

टूवाने ताटाकडे बघितलं. मग इंगविलकडे. मग गुनवोरकडे. चमचा उचलला, एक घास घेतला, चावला आणि थांबली. घास तसाच गालात धरून ठेवला. मग चमचा ताटाच्या कडेला व्यवस्थित ठेवला.

"काय झालं राणी?" इंगविलने विचारलं. "गरम आहे?"

टूवाने नकारार्थी मान हलवली.

"नको?"

आता तिने होकारार्थी मान डोलावली.

इंगविल हसली. फार कष्टाने हसली, कारण मुलासमोर रडायचं नाही असं तिलाही कोणीतरी बजावलं असणार. "बरं, राहू दे. भूक लागली की खा हं." टूवा खुर्चीवरून उतरून निघून गेली. इंगविलने ते निळं ताट स्वतःकडे ओढलं आणि त्यात चमचा फिरवत बसली.

"आपण उगाच घाई करतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी कार्यालयात फोन करते. शनिवार नको म्हणते. मुलगी अजून तुझीच आहे, गुनवोर. तिला माझं काहीच नकोय. मी रात्री एस्पेनला सांगत होते की जमतंय, जमतंय. काही जमत नाहीये." तिने नाक पुसलं. "आम्ही सात वर्षं वाट बघितली आहे. आणखी थोडी बघू."

हेच तर गुनवोरला ऐकायचं होतं. तिच्या पोटातून आनंदाची अशी उकळी आली की तिला उठून उभं राहावं लागलं. "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते," ती म्हणाली, आणि चेहरा दिसू नये म्हणून टूवाला बघायच्या निमित्ताने बाहेर पडली.

टूवा बैठकीच्या खोलीत नव्हती, झोपायच्या खोलीतही नव्हती. कोठीच्या दाराखालून उजेड येत होता.

टूवा कोठीत खाली बसली होती. मॅकरोनीचं पाकीट तिने फाडलं होतं. एक मोजा काढून मांडीवर धरला होता आणि त्यात एकेक मॅकरोनी टाकत होती. घाई नाही, आवाज नाही. एक टाकायची, दाराकडे बघायची, दुसरी टाकायची. गुनवोर दिसताच तिने मोजा पाठीमागे लपवला आणि डोळे मिटून घेतले. आपण डोळे मिटले की आपण दिसत नाही, असं तिला आली तेव्हा वाटायचं.

गुनवोरला वाटलं, कोणीतरी आपल्या तोंडात मारली.

एवढ्या दिवसांत तिने या पोरीला काय दिलं होतं? गोष्टी, लोकरीचे मोजे, गाणी? तसलं सगळं कोणीही देतं. तिने एकच गोष्ट खरी दिली होती, की या घरात ताट पुढे आलं की त्यात खाण्यासारखं असतं. आणि तीच तिने आज स्वतःच्या हाताने काढून घेतली होती. पोरीला काही कळत नव्हतं असं थोडंच होतं! तिला कळलं होतं की ताट बदललं. ताट बदललं म्हणजे पुन्हा ते दिवस आले.

"टूवा," गुनवोर म्हणाली. "भरून झालं की ये हं. ओरडत नाही मी." तिने मोजा काढून घेतला नाही. दार तसंच अर्धं उघडं ठेवलं आणि स्वयंपाकघरात आली.

इंगविल फोन हातात घेऊन उभी होती.

"ठेव तो," गुनवोर म्हणाली. "मी खोटं बोलले."

"काय?"

"चीज राहिलंय. तपकिरी चीज. शेवटी दोन चमचे किसून घालायचं. त्याच्याशिवाय ती खात नाही, मला माहीत होतं."

इंगविलने फोन टेबलावर ठेवला.

"मी विचारलं तुला," ती म्हणाली. "नक्की का, असंही विचारलं."

"हो."

"हाताला चव यायला वेळ लागतो म्हणालीस."

"म्हणाले."

"काय बाई आहेस तू!" इंगविल म्हणाली. "मी इथे मेले असते लाजेने. मला वाटलं, माझ्यातच काही नाहीये. मुलाला कळतं म्हणतात, मला वाटलं तिला कळलं की मी आई नाही."

गुनवोरने माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं. "मला ती हवी आहे," ती म्हणाली. "मी मागितली होती, मला दिली नाही. तुला दिली." आणि साठीची ती बाई, जिने कितीतरी मुलांना हसत हसत गाडीत बसवलं होतं, ओट्याला टेकून ओक्साबोक्शी रडली.

इंगविल जवळ आली नाही. तिने तसं यावं अशी अपेक्षाही नव्हती. तिने विजेची शेगडी पुन्हा चालू केली, फ्रिज उघडला, चीज काढलं.

"जाड बाजूने किसू की बारीक?" तिने कोरडेपणाने विचारलं.

"बारीक," गुनवोर डोळे पुसत म्हणाली. "आणि थोडं दूध घाल, नाहीतर तळाला धरेल. ढवळत राहा. नाही, अजून. आता रंग बघ, उतरला ना? बस. आता चाख."

इंगविलने चाखलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण तिने डोळे मिटून दुसरा चमचा घेतला.

टूवा दारात येऊन उभी राहिली होती. एक पाय अनवाणी, एका हातात जड झालेला मोजा. वासाने आली असावी. इंगविलने तिला काही विचारलं नाही. उचलून खुर्चीत बसवलं, मोजा ताटाशेजारी ठेवू दिला आणि गरम मॅकरोनी वाढली. गुनवोर भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या मनात अजून एक कोपरा होता, तो म्हणत होता, नको खाऊस, नको खाऊस. तिने ते ऐकलं आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं.

टूवाने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ताट दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि मान खाली घालून खायला लागली. तिच्या हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. ताट संपलं तसं तिने ते उचललं आणि पुढे केलं. गुनवोरचा हात आपसूक उठला. पण ताट इंगविलच्या दिशेने होतं.

"अजून," टूवा म्हणाली.

इंगविलने अजून वाढलं. डाव ताटावर वाजला.

"हे तू केलं?" टूवाने विचारलं.

इंगविलने गुनवोरकडे पाहिलं. गुनवोरने मान डोलावली.

"हो, मी केलं."

"तुमच्या घरी पण करतेस?"

"करीन की. रोज म्हणालीस तर रोज."

"तिकडे मॅकरोनी आहे?"

"आहे. मोठी बरणी भरून."

"संपली तर?"

"संपली तर दुकानात जाऊ. तू आणि मी."

टूवाने यावर विचार केला. तिचं चावणं थांबलं होतं. "वोवो येणार?"

बाहेर ओड्डवार टायर गडगडवत नेत होता, त्याचा आवाज येत होता. हे उत्तर इंगविलने द्यायचं नव्हतं, ते गुनवोरचं काम होतं, आणि ते कसं द्यायचं हे तिला चांगलं माहीत होतं. स्पष्ट, थोडक्यात, हसून. कितीतरी मुलांना तिने दिलं होतं.

"नाही राणी," ती म्हणाली. "वोवो इथेच राहणार. तू इंगविल आणि एस्पेनकडे राहायला जाणार. कायमची."

ती वाट बघत होती. पोर रडेल, ताट फेकेल, येऊन पायांना मिठी मारेल. मिठी मारली असती तर गुनवोरने ती आयुष्यभर पुरवून पुरवून वापरली असती.

"बरं," टूवा म्हणाली.

तिने उरलेली मॅकरोनी संपवली, खुर्चीवरून उतरली आणि बाहेरच्या पडवीकडे गेली. थोड्या वेळाने तिकडून खुडबुड ऐकू आली. गुनवोर आणि इंगविल दोघी दारापर्यंत गेल्या. टूवा पायपुसण्यावर बसून बूट चढवत होती. टोपी घालून झाली होती.

"आज नाही गं," इंगविल घाईने म्हणाली. "शनिवारी जायचं."

"मी तयार आहे," टूवा म्हणाली.

दोन्ही बूट तिने उलटे घातले होते. एक टाच आत गेली नव्हती, ती जोर लावत होती आणि चिडत होती. इंगविल मागेच थांबली. गुनवोर गुडघे मोडून खाली बसली. तिने पोरीचे बूट काढले, डावा डावीकडे घातला, उजवा उजवीकडे घातला, आणि पट्टे घट्ट लावून दिले.